आमच्या गल्लीतलं चेंबर नेमकं कुणाचं? महापालिका कशी चालते, सोप्या भाषेत

मागच्या पावसाळ्यात, २०२५ च्या जुलैमध्ये, आमच्या शेजारच्या वहिनी स्कूटीवरून पडल्या. गल्लीच्या तोंडाशी मेडिकलसमोर ड्रेनेजचं एक चेंबर आहे, रस्त्याच्या चार-पाच इंच खाली बसलेलं, पाणी साचलं की दिसतच नाही, पुढचं चाक त्यात गेलं आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट फ्रॅक्चर, दीड महिना प्लास्टर. त्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी त्या चेंबरमध्ये झाडाची फांदी खोचून वर लाल फडकं बांधलं, आणि पुढचे पाच महिने तीच फांदी म्हणजे आमच्या गल्लीची रस्ते सुरक्षा.

तक्रार केली होती हो, एकदा नाही तीनदा. ॲपवर फोटोसकट. तिसऱ्या तक्रारीला चार दिवसांत मेसेज आला, "आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे", आणि सोबत फोटो, तो दुसऱ्याच कुठल्यातरी गल्लीतल्या चेंबरचा. त्या रात्री मला झोप लागली नाही. चेंबरपेक्षा त्या फोटोचा राग जास्त होता, कारण न करणं वेगळं आणि केलं म्हणून सांगणं वेगळं.

सोसायटीच्या ग्रुपवर मग नेहमीचं सुरू झालं, सगळे चोर आहेत, या देशाचं काही होणार नाही, टॅक्स भरायचाच बंद केला पाहिजे. हा राग मला कळतो, माझाही तोच होता. पण एक गोष्ट तेव्हा खटकली ती म्हणजे साठ घरांच्या आमच्या सोसायटीत एकालाही, अगदी मलाही, हे सांगता येईना की ते चेंबर वर उचलणं हे नेमकं कुणाचं काम आहे. नगरसेवकाचं? तेव्हा नगरसेवकच नव्हते. आमदाराचं? आयुक्तांचं? "सरकार"चं? ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यावर रागवून काय होणार. म्हणून मी पुढचे काही महिने हेच शोधत बसलो, आणि जे कळलं ते इथे सोप्या भाषेत लिहितोय.

तर पहिली गोष्ट, महापालिकेत दोन वेगळ्या बाजू असतात आणि आपण त्या एकत्र करून टाकतो. एक बाजू निवडून आलेल्यांची, म्हणजे नगरसेवक, महापौर, स्थायी समिती, मुख्य सभा (मुंबईत तिला सभागृह म्हणतात). दुसरी बाजू प्रशासनाची, म्हणजे आयुक्त, त्यांच्या खाली उपायुक्त, सहायक आयुक्त, अभियंते, अगदी आपल्या वॉर्ड ऑफिसच्या कनिष्ठ अभियंत्यापर्यंत. आता गंमत नाही पण महत्त्वाची गोष्ट अशी की काम करायची कार्यकारी सत्ता कायद्याने आयुक्तांकडे आहे, महापौरांकडे नाही. आणि आयुक्त नेमतं कोण, तर राज्य सरकार. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा आहे आणि बाकीच्या शहरांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, पण हा गाभा दोन्हीकडे सारखाच. महापौरांची मुदत अडीच वर्षांची, त्यांना नगरसेवक आपल्यातून निवडतात, ते सभा चालवतात, मान मोठा आहे, पण एखाद्या कंत्राटदाराचं बिल थांबवायचं किंवा एखाद्या इंजिनिअरची बदली करायची तर सही महापौरांची नसते.

मग नगरसेवक कशाला हवेत असं कुणी विचारेल, आणि मागची चार वर्षं पुष्कळांनी तेच विचारलं, "नव्हते तेव्हा काय अडलं?" अडलं. ते कसं अडलं ते समजून घ्यायचं तर पैसा कसा फिरतो ते बघावं लागेल.

वर्षाचं बजेट आयुक्त तयार करतात आणि स्थायी समितीपुढे मांडतात. स्थायी समिती म्हणजे १६ नगरसेवकांची समिती (मुंबईत जास्त आहेत), ती बजेटमध्ये बदल सुचवते, मग ते मुख्य सभेपुढे जातं, तिथे मंजूर होतं, १ एप्रिलपासून लागू. मोठ्या निविदा पण स्थायी समितीच्या मंजुरीनेच जातात. म्हणजे मांडणारा एक, तपासणारा दुसरा, मंजूर करणारा तिसरा. तपासणारे नेहमी नीट तपासतात असं माझं म्हणणं नाही, पण निदान तिथे विरोधी पक्षाचा माणूस बसलेला असतो, तो आरडाओरडा करतो, पेपरवाले बाहेर उभे असतात, आणि कुठल्या रस्त्याला किती पैसे लागले हे चार लोकांच्या कानावर पडतं.

नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आला की काय होतं? आयुक्तच प्रशासक. स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे, मुख्य सभेचे अधिकार पण त्यांच्याकडे. बजेट मांडणारे तेच, स्वीकारणारे तेच, खर्च करणारे पण तेच. माणूस कितीही प्रामाणिक असू दे, प्रश्न माणसाचा नाहीच. आपल्या सोसायटीत जर सेक्रेटरीच खजिनदार आणि तोच ऑडिटर असला तर आपण चालवून घेऊ का? आणि इथे तर शेकडो, हजारो कोटींची बजेटं आहेत.

आणि हे काही एक-दोन महिने नाही चाललं. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर यांचीही त्याच मार्चमध्ये. नवी मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद यांची तर २०२० मध्येच, कोल्हापूर आणि कल्याण-डोंबिवली पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला, सगळ्या २९ महापालिकांचं एकाच दिवशी. म्हणजे छत्रपती संभाजीनगरमधला एखादा मुलगा २०२० ला अठरा वर्षांचा झाला असेल तर त्याने आयुष्यात पहिल्यांदा नगरसेवकासाठी मत दिलं तेव्हा तो तेवीस-चोवीस वर्षांचा होता. तोपर्यंत त्याच्या वॉर्डात त्याचं म्हणून कुणी नव्हतंच.

आता घटनेत काय लिहिलंय ते बघा. १९९२ साली ७४ वी घटनादुरुस्ती झाली, १ जून १९९३ पासून लागू झाली, तिने शहरांच्या पालिकांना घटनेत जागा दिली. अनुच्छेद २४३-यू सांगतो की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि नवीन निवडणूक ही मुदत संपायच्या आत पूर्ण झाली पाहिजे. "शक्य असल्यास" वगैरे शब्द तिथे नाहीत. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये अहमदाबादच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं होतं.

तरी चार-पाच वर्षं कशी गेली? इथे थोडा धीर धरा, हे गुंतागुंतीचं आहे आणि याच गुंत्यामुळे कुणा एकावर बोट ठेवता येत नाही. आधी कोविड, त्यामुळे २०२० मध्ये संपलेल्या पालिकांच्या निवडणुका पुढे गेल्या. मग मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर आधी तीन अटी पूर्ण करा, आयोग नेमून माहिती गोळा करा, त्यावरून प्रत्येक संस्थेत किती आरक्षण ते ठरवा, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. यालाच पेपरमध्ये "ट्रिपल टेस्ट" म्हणायचे. राज्याने आधी अध्यादेश काढून २७ टक्के जागा राखून ठेवायचा प्रयत्न केला, कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये तो अडवला, मग बांठिया आयोग नेमला, त्याचा अहवाल जुलै २०२२ मध्ये कोर्टात मान्य झाला. आता तरी होतील असं वाटलं तर तोवर सरकार बदललेलं, आधीच्या सरकारने केलेली प्रभागरचना नव्या सरकारने फिरवली, त्यावर परत याचिका, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टाने "जैसे थे" सांगितलं. त्यानंतर नुसत्या तारखा. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बांठिया आयोगाच्या आधीचं जे ओबीसी आरक्षण होतं त्याप्रमाणे घ्या, चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका उरका. तेही झालं नाही, मुदत वाढवून मागितली, ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख मिळाली आणि तेव्हा कुठे मतदान झालं.

ओबीसींना प्रतिनिधित्व मिळालंच पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण एका प्रभागात नगरसेवक तीन असावेत का चार, यावरून दोन सरकारांनी आळीपाळीने रचना बदलायची आणि त्यात लाखो लोकांनी प्रतिनिधीशिवाय राहायचं, हे मला पटत नाही. आणि यातली मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट अशी की आपण रस्त्यावर नाही आलो. विधानसभेची निवडणूक एक वर्ष जरी पुढे ढकलली असती तर राज्य पेटलं असतं. नगरसेवक नाहीत याचं कुणाला फार काही वाटलं नाही, मलाही २०२२ मध्ये वाटलं नव्हतं. वहिनी पडल्या तेव्हा वाटलं.

प्रभागाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो, कारण जानेवारीत मतदान करून आल्यावर आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना कळलं नव्हतं की चार बटणं का दाबायला लावली. मुंबईत एक वॉर्ड एक नगरसेवक, असे २२७. बाकीच्या शहरांत बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार, म्हणजे अ, ब, क, ड अशा चार जागा आणि प्रत्येक मतदाराने चार मतं द्यायची. पुण्यात असे ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक (एका प्रभागात पाच). आता हे चौघे प्रभागाचे चार तुकडे करून घेत नाहीत, कायद्याने चौघेही अख्ख्या प्रभागाचे. कागदावर हे छान वाटतं, एकाने नाही ऐकलं तर दुसरा आहे. प्रत्यक्षात काय होतं तर ज्याच्याकडे जावं तो म्हणतो तुमची गल्ली त्यांच्याकडे आहे, आणि प्रभाग एवढा मोठा की उमेदवाराचा चेहरा पण बघायला मिळत नाही, लोक मग पॅनल बघून चिन्हावर शिक्का मारल्यासारखं मत देतात. माझं मत विचाराल तर एक वॉर्ड एक माणूस हीच पद्धत बरी, निदान कुणाच्या दारात उभं राहायचं ते तरी माहीत असतं. पण जोवर चार आहेत तोवर उपाय एकच, अर्ज चौघांच्या नावाने एकच करायचा आणि चौघांची पोच घ्यायची, म्हणजे "त्यांच्याकडे आहे" म्हणायला जागा राहत नाही.

पैशाबद्दल अजून एक. "आमच्या टॅक्सवर चालता" असं आपण म्हणतो ते खरं आहे पण पूर्ण नाही. पूर्वी पालिकेची मोठी कमाई जकातीची होती, नंतर एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपली. आता त्याची भरपाई म्हणून राज्य सरकार दर महिन्याला पालिकांना अनुदान देतं. म्हणजे पालिकेच्या उत्पन्नाचा मोठा वाटा आता मंत्रालयातून येतो. पालिकेच्या हातात उरली ती मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचे शुल्क. ज्याच्याकडून पैसे येतात त्याचं ऐकावं लागतं, एवढं साधं आहे हे. त्यामुळे मुख्यमंत्री आणि पालकमंत्री ठरवतात आणि महापौर फीत कापतात असं चित्र दिसतं त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि शहरातली प्रत्येक गोष्ट पालिकेची पण नसते. गल्लीतला रस्ता पालिकेचा, पण शहरातून जाणारा हायवे केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाचा असू शकतो, काही रस्ते राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचे, कुठे एमएसआरडीसी म्हणजे राज्याचं रस्ते विकास महामंडळ, कुठे सिडको. धरणातलं पाणी शहराला किती द्यायचं ते जलसंपदा विभाग ठरवतो, घरापर्यंत आणायचं काम पालिकेचं. वीज बहुतेक शहरांत महावितरणची, रस्त्यावरचा दिवा बहुतेक पालिकेचा. आपण अर्ज चुकीच्या दारात टाकला की तो दारोदार फिरतो आणि सहा महिने जातात, म्हणून रस्ता कुणाच्या ताब्यात आहे हा पहिला प्रश्न. आरटीआय म्हणजे माहिती अधिकाराच्या कायद्यात मात्र एक सोय आहे, चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

तर आता आमच्या चेंबरकडे येतो.

ॲपवर चौथी तक्रार करायच्या ऐवजी मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. २००५ चा कायदा, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला, त्याआधी आपल्या महाराष्ट्राचा स्वतःचा २००२ चा कायदा होता, त्यामागे अण्णा हजारेंची उपोषणं होती. फी १० रुपये, अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावायचा नाहीतर राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर भरायचं. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याची फी २० रुपये, आणि तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे प्रकरणं खूप साचलेली असतात, तिथे वेळ जातो, म्हणून अर्जच असा करावा की पहिल्या अपिलापर्यंत काम व्हावं.

आणि इथेच बहुतेक लोक चुकतात, मी पण पहिल्यांदा चुकलो. माझा पहिला अर्ज होता, "चेंबर अजून दुरुस्त का केलं नाही?" उत्तर आलं की हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. आणि ते बरोबरच आहे. आरटीआयमध्ये "का" विचारायचं नाही, कागद मागायचा. जो कागद ऑफिसात आहे तोच मिळतो. दुसऱ्या अर्जात मी चार कागद मागितले, आमच्या गल्लीच्या डांबरीकरणाचा कार्यादेश म्हणजे वर्क ऑर्डर, कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि डीएलपी कधी संपतो ते दाखवणारं पान.

हा डीएलपी शब्द लक्षात ठेवा, मराठीत दोषदायित्व कालावधी. रस्ता केल्यावर पुढची काही वर्षं, करारात जेवढी लिहिली असतील तेवढी, त्यात काही बिघडलं तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं. म्हणजे डीएलपीमधल्या रस्त्यावर खड्डा पडला तर पालिकेला एक रुपया खर्च न करता तो बुजवून घेता येतो. पण कुणी विचारलंच नाही तर मुदत निघून जाते आणि त्याच रस्त्याची परत निविदा निघते, परत आपल्याच पैशाने.

आणि मोजमाप पुस्तिका, ऑफिसात सगळे तिला एमबी म्हणतात. कंत्राटदाराने किती काम केलं ते साइटवर मोजून इंजिनिअर त्यात लिहितो, आणि त्यावरून बिल निघतं. काम झालं का नाही याचा खरा साक्षीदार ती वही.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं. पहिलं अपील केलं, सुनावणी लागली, अधिकारी बाई सौजन्याने बोलल्या, म्हणाल्या तुम्ही सरळ फाईल बघून घ्या. राज्य सरकारचा २०१८ चा एक आदेश आहे, जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऑफिसात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली बघू द्यायच्या. फार कमी लोकांना माहीत आहे, मलाही तेव्हाच कळलं. नोव्हेंबरमधल्या एका सोमवारी मी आणि वहिनींचे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, असे दोघे गेलो. पंख्याखाली एक लाकडी टेबल, त्यावर ती फाईल. नानांनी चष्मा पुसला आणि एमबीचं पान उघडून बोट ठेवून वाचायला लागले. त्यात एक ओळ होती, रस्त्यावरील ड्रेनेज चेंबर समपातळीत आणणे, नग ११.

अकरा. नाना काही बोलले नाहीत, मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढला, आणि घरी येताना गल्लीच्या सुरुवातीपासून आम्ही दोघं चालत चेंबर मोजत आलो. नानांच्या हातात पोरांचा खडू होता. एकूण अकराच होते, बरोबर. त्यातले सात उचललेले, चार रस्त्याच्या खालीच, आणि त्या चारपैकी एक म्हणजे मेडिकलसमोरचं, फांदीवालं. बिल अकराचं निघालं होतं. डीएलपी अजून दीड वर्ष बाकी होता.

हे त्या रात्री ग्रुपवर टाकलं तेव्हा पहिल्यांदा असं झालं की "सगळे चोर" कुणी लिहिलं नाही. लोक विचारायला लागले की आता अर्ज कुणाच्या नावाने करायचा. कारण आता समोर एक कार्यादेश क्रमांक होता, एक तारीख होती, एक आकडा होता. आम्ही कार्यकारी अभियंत्यांच्या नावाने एक पानी अर्ज केला, एमबीच्या पानाचा फोटो, चार चेंबरचे पट्टी ठेवून काढलेले फोटो, आणि सोबत मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाचा उल्लेख.

तो आदेश प्रत्येकाला माहीत असायला हवा. रस्त्यांच्या दुरवस्थेवर उच्च न्यायालयाने २०१३ पासून स्वतःहून याचिका चालवली आहे. चांगला रस्ता मिळणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा भाग आहे असं न्यायालयाने पूर्वीच सांगितलं होतं. १३ ऑक्टोबर २०२५ ला त्यापुढे जाऊन सांगितलं की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कुणाचा मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि जखमी झालेल्याला जखमेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. भरपाई ठरवायला समिती, तिच्यात पालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे आणि नंतर ते जबाबदार अधिकाऱ्याकडून, कंत्राटदाराकडून वसूल करायचे. आणि खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत त्याकडे बघायचं. ही शेवटची ओळ महत्त्वाची, म्हणून तुमच्या तक्रारीवर तारीख आणि वेळ असलीच पाहिजे, आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.

वहिनींनी भरपाईचा दावा पण केला आहे. हॉस्पिटलचे कागद, एक्स-रे, त्या दिवशीचे फोटो, आधीच्या तक्रारींचे नंबर, हे सगळं त्यांनी जपून ठेवलं होतं म्हणून करता आला. तुमच्यापैकी कुणाला दुर्दैवाने अशी वेळ आली तर जागेचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी मुरूम टाकून जागा सपाट झालेली असते.

दाखले, नळजोड, मालमत्ता कराची नोंद असल्या कामांना मात्र हा मार्ग नाही, त्याला २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला दिवस ठरवून दिलेत आणि उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पोच मागा, त्यावर शेवटची तारीख लिहिलेली असायला हवी. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

आता एक आमच्या बाजूचं पण सांगायला हवं, कारण ते कळल्यावर मला वाईट वाटलं. फाईल बघायला गेलो तेव्हा तिथल्या कनिष्ठ अभियंत्याने नानांना सांगितलं की काका, तुमच्या लाईनला पावसात चेंबर तुंबून वर येतं त्याचं कारण तुमच्याच सोसायट्या आहेत. शहरात दोन लाईनी असतात, एक सांडपाण्याची आणि एक पावसाळी. गच्चीचं पाणी पावसाळी लाईनला जायला पाहिजे. आमच्यासकट तीन सोसायट्यांनी ते सरळ ड्रेनेजला जोडलेलं, कारण ते जवळ पडत होतं. घरातल्या सांडपाण्याच्या हिशोबाने टाकलेला पाईप, त्यात तासाभरात तीन गच्च्यांचं पाणी आलं की तो ते कुठे नेणार? ज्या पाण्यामुळे चेंबर दिसलं नाही आणि वहिनी पडल्या त्यात आमच्या गच्चीचं पाणी होतं. जानेवारीच्या मीटिंगमध्ये हा विषय घेतला, खर्च प्रत्येक घराला अडीच हजार आला, दोघांनी विरोध केला, ठराव पास झाला, काम झालं.

चार चेंबर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उचलली. कंत्राटदाराची माणसं आली, सकाळी दहाला सुरू केलं, संध्याकाळी कडेला सिमेंट लावून गेली. पालिकेला खर्च शून्य. फांदी काढताना तिला खालून पालवी फुटलेली होती, नानांनी ती सोसायटीच्या कोपऱ्यात लावली.

आता नगरसेवक आलेत, चार. कायद्यात प्रभाग समित्या आहेत, त्यावर नगरसेवकांबरोबर बिगरसरकारी संस्थांचे तीन सदस्यही घेता येतात. २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभाही आहेत, म्हणजे गावात ग्रामसभा तशी शहरात आपल्या भागातल्या मतदारांची सभा. ग्रामसभा निदान होते तरी, क्षेत्रसभा मी तरी आयुष्यात एकही बघितली नाही. आम्ही चौघांना एकच पत्र दिलंय की आमच्या भागाची क्षेत्रसभा लावा, दोघांची पोच मिळाली आहे, एकाने "हे काय असतं" म्हणून मनापासून विचारलं, त्यांना कायद्याची प्रत नेऊन दिली. चौथ्यांची भेट अजून व्हायची आहे.

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी नानांनी एक कागद लावलाय. आजूबाजूच्या सहा गल्ल्यांची नावं, प्रत्येकीपुढे डीएलपी संपायची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात चेंबरची संख्या, कागदावरची आणि रस्त्यावरची. तीन गल्ल्यांचे रकाने भरलेत. चौथी गल्ली वहिनींनी घेतली आहे, प्लास्टर निघालंय पण हात अजून पूर्ण वळत नाही, त्यामुळे त्या चालत जातात आणि खडू डाव्या हातात धरतात.